घंटा वाजण्याआधी ठरवायच्या गोष्टी

रायपूरच्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या मध्यात उघडतात. त्याआधीचे काही दिवस शाळेत शिक्षक असतात आणि मुलं नसतात, म्हणून शिक्षकांचं प्रशिक्षण बहुतेक तेव्हाच होतं. मी या शहरात बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. पुढे या प्रशिक्षणाची आखणी माझ्याकडे आली. सकाळी आपत्कालीन सुरक्षा आणि दुपारी मूल्यमापन, अशी दोन सत्रं आम्ही एकाच दिवशी मुद्दाम ठेवली.

आगीचा आणि गुणांचा काय संबंध, असं नवे शिक्षक विचारतात. दोन्हीकडे मुलाचं बरंवाईट एका मोठ्या माणसाच्या हातात असतं, हाच तो संबंध. वर्गावर कोणते सर होते यावर मुलाचा जीव अवलंबून राहता कामा नये. पेपर कोणत्या मॅडमच्या गठ्ठ्यात गेला यावर त्याचे गुणही अवलंबून राहता कामा नयेत. त्यासाठी सगळ्यांनी मिळून आधी ठरवावं लागतं, लिहून ठेवावं लागतं आणि करून पाहावं लागतं. या कामातून मी जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे.

१. आधी आपल्या गावचे धोके लिहा

बाहेरून आलेल्या पुस्तिकांत बहुतेक वेळा भूकंपाचं प्रकरण पहिलं असतं. १९९३ ची किल्लारी आठवणारा कोणीही मराठी माणूस त्याला हलकं म्हणणार नाही, आणि बाकाखाली शिरून डोकं झाकणं आमच्या मुलांनाही यायला हवं. पण रायपूर भूकंपाच्या कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं. इथल्या शाळेचे रोजचे धोके वेगळे आहेत. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पावसाळ्यात वीज पडते, इकडे तिला गाज म्हणतात. शेताच्या आणि तलावाच्या कडेला असलेल्या शाळांत साप निघतात. जुन्या खोल्यांची छतं, मध्यान्ह भोजनाचं स्वयंपाकघर, उघड्या वायरी आणि शाळा सुटताना फाटकासमोरून धावणारी वाहनं हेही याच यादीत येतं.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी राजनांदगाव जिल्ह्यात जोरातराई गावाजवळ वीज पडून आठ जण गेले. पाऊस आला म्हणून ते आडोशाला थांबले होते, आणि त्यांत शाळेतून घरी परतणारी मुलं होती. ही बातमी आम्ही प्रशिक्षणात वाचून दाखवतो आणि मग नियम सांगतो: गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडायचं नाही, शाळा सुटायची वेळ होऊन गेली तरी नाही. फाटकाबाहेर थांबलेल्या पालकांनाही आत घ्यायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं दामिनी ॲप निदान दोघा शिक्षकांच्या फोनवर असावं.

भाषण सुरू होण्याआधी शिक्षकांच्या हातात कोरा कागद द्यावा आणि त्यांना इमारतीभोवती फिरवून आणावं. ते जी यादी घेऊन परत येतात ती कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही.

२. निर्णय कोण घेणार, ते नावानिशी ठरवा

११ मार्च २०११ रोजी जपानच्या इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेची इमारत भूकंपातून बचावली. मुलं शिस्तीत मैदानात येऊन उभी राहिली. शाळेच्या मागेच टेकडी होती. मुख्याध्यापक त्या दिवशी शाळेत नव्हते. पुढे कुठे जायचं ते शाळेच्या आराखड्यात नीट लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे शिक्षकांचं ठरेना. जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानातच राहिली आणि मग त्सुनामीची लाट आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने शाळेची आणि प्रशासनाची आधीची तयारीच अपुरी होती असा निकाल दिला. त्याच दिवशी कामाइशी शहरात जवळजवळ तीन हजार विद्यार्थी वाचले, कारण कोणाच्या हुकमाची वाट न पाहता उंचावर पळायचं, हे त्यांच्याकडून आधीपासून करून घेतलेलं होतं.

आपल्याकडे त्सुनामी येणार नाही, पण प्राचार्य शाळेत नसलेले दिवस खूप येतात. कधी शाळा-संकुलाची बैठक असते, कधी जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बोलावणं असतं, कधी निवडणुकीचं काम असतं. म्हणून प्राचार्यांमागे आणखी दोन नावं क्रमाने लिहून फळ्याशेजारी लावावीत. धोक्याची घंटा वाजवायला मात्र कोणाचीच परवानगी लागू नये. चपराशी, रसोइया, सहावीतलं मूल, ज्याला धूर दिसेल त्याने ती वाजवावी. घंटा चुकून वाजली तर कोणी रागावणार नाही, हे प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगावं. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय शाळेतलं कोणीही त्यावर विश्वास ठेवत नाही.

३. कवायत गैरसोयीच्या वेळी घ्या

प्रार्थनेनंतर मुलं आधीच रांगेत असतात. तेव्हा घेतलेली कवायत दिसायला सुरेख होते, पण तिच्यातून शिकायला काही मिळत नाही. मधल्या सुट्टीत घ्या, मुलं ताटं घेऊन बसलेली असताना. पावसात घ्या. एक जिना बंद आहे असं सांगून घ्या. एक शिक्षक रजेवर आहे असं धरून त्याचा वर्ग कोण बाहेर आणतं ते पाहा. चालायला त्रास असलेल्या मुलासोबत कोण राहणार, शौचालयं कोण तपासणार, पहिलीतलं मूल रडत जमिनीवर बसलं तर काय करायचं, हे सगळं अशाच वेळी उघड होतं.

शैक्षणिक वर्षातली पहिली कवायत सांगून घ्यावी आणि पालकांनाही आधी कळवावं, म्हणजे लहान मुलं घाबरत नाहीत. मैदानात पोचल्यावर हजेरीपटावरून नावं घेतल्याशिवाय कवायत पूर्ण झाली असं धरू नये. हजेरीपट कपाटात कुलुपात असेल तर बाहेर किती मुलं आली ते कोणालाच सांगता येत नाही. मोजलेल्या आकड्याइतकंच न आलेल्या मुलाचं नाव कळणं गरजेचं असतं.

४. वाटा मोकळ्या ठेवा

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभाच्या मंडपाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत मुलं फार होती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपरावर चढली आणि ९४ मुलं गेली. २४ मे २०१९ रोजी सुरतेतल्या शिकवणी वर्गाला आग लागून २२ विद्यार्थी गेले. राज्यं वेगवेगळी आणि वर्षंही दूरदूरची, तरी प्रत्येक ठिकाणी लवकर पेटणारं छप्पर किंवा मांडव होता आणि बाहेर पडायची वाट अपुरी होती.

कुंभकोणमनंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. अग्निशामक साधनं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण या गोष्टी त्या निकालात आहेत. पैसे नाहीत असं म्हणणाऱ्या व्यवस्थापनाला मी एवढंच सांगते की जिन्याखालचे मोडके बाक हलवायला पैसे लागत नाहीत. मागच्या फाटकाची किल्ली शाळा भरलेली असताना कुलुपातच लावून ठेवायलाही पैसे लागत नाहीत. वार्षिक स्नेहसंमेलनाचा मंडप घालतानाही बाहेर पडायच्या वाटा मोजाव्यात, कारण त्या दिवशी शाळेत रोजच्यापेक्षा जास्त माणसं असतात.

५. प्रत्येकाच्या हाताला ते काम माहीत हवं

अग्निशामक सिलिंडर भिंतीवर असतो आणि बहुतेक शिक्षकांनी तो कधी उचलून पाहिलेला नसतो. तो जड असतो, पिन घट्ट असते आणि लहान सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो. प्रत्येकाने तो एकदा उचलावा, पिन काढावी, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरून इकडून तिकडे फिरवावी. सोबत दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे वाचायलाही शिकावं. अग्निशमन दलाला विनंती केली तर जवान शाळेत येऊन हे दाखवून जातात.

प्रथमोपचाराचंही तसंच. हृदय बंद पडलं तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा असतो. तो वेग पुतळ्यावर हात ठेवल्यावरच कळतो. मिरगी आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या आणि तोंडात काहीही घालायचं नाही. चप्पल हुंगवू पाहणाऱ्याला थांबवायचं. उन्हाने मूल कोसळलं तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचं नाही. सावलीत नेऊन लगेच अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा.

सर्पदंशाबद्दल इकडे जरा जास्त बोलावं लागतं. करकचून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, बैगा-गुनियाकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्यांकडे, वेळ घालवायचा नाही. अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठायचं. मण्यारीच्या, म्हणजे इकडच्या करैतच्या, दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही, म्हणून 'काही नाही, काटा लागला असेल' असं म्हणून मुलाला वर्गात बसवायचं नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठे मिळतं ते आधीच माहीत असावं. शहरात मेकाहारा हे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि एम्स आहेत. बाहेरच्या गावांतल्या शाळांनी आपलं जवळचं सरकारी केंद्र सत्राच्या सुरुवातीलाच गाठून विचारून यावं.

या सत्राला रसोइया, चपराशी, चौकीदार आणि बसचे चालक बसलेच पाहिजेत. त्यांना वगळून घेतलेलं प्रशिक्षण अर्धवट असतं.

६. मूल सांगतं ते आधी खरं माना

२५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, असं नंतरच्या बातम्यांत आलं. त्याच सुमारास आमच्या बलौदाबाजार जिल्ह्यात लच्छनपूरच्या शाळेत कुत्र्याने तोंड लावलेली भाजी मुलांना वाढली गेली. तिथेही मुलांनी सांगितलं होतं. पुढे मुलांना रेबीजच्या लशी घ्याव्या लागल्या आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

म्हणून आमचा नियम असा: मुलाने धोका सांगितला की आधी खोली रिकामी करायची किंवा वाढणं थांबवायचं, खरंखोटं मग पाहायचं. मूल दहादा चुकीचं सांगेल आणि दहादा आपला तास बुडेल. एवढी किंमत शाळेने द्यायलाच हवी.

दुपारच्या सत्रातही विषय हाच असतो. उत्तरपत्रिकेतून मूल आपल्याला काहीतरी सांगत असतं, आणि ते सगळ्या शिक्षकांना सारखंच ऐकू यायला हवं.

७. एकच उत्तर सगळ्यांनी तपासून पाहा

अमेरिकेत १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि इलियट यांनी एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. इंग्रजीत गुणांचं अंतर मोठं निघालं. गणितात उत्तर ठरलेलं असतं म्हणून फरक कमी पडेल, असं लोकांना वाटलं. भूमितीच्या एकाच पेपरला शंभरपैकी २८ पासून ९५ पर्यंत गुण मिळाले.

हा प्रयोग प्रत्येक शाळेला करता येतो. आठवीतल्या मुलाचं एक निबंधवजा उत्तर नाव झाकून सगळ्यांना द्यावं, प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण लिहावेत आणि मग सगळे आकडे फळ्यावर मांडावेत. आमच्याकडे चार आणि आठ हे दोन्ही आकडे एकाच उत्तराला आलेले मी पाहिले आहेत. दोन्ही शिक्षक अनुभवी होते. एकाने शुद्धलेखन पाहिलं होतं, दुसऱ्याने मुद्दे. मग खरं काम सुरू होतं. मुद्द्यांना किती, मांडणीला किती आणि भाषेला किती, हे विषयवार ठरवून कागदावर घ्यायचं आणि परीक्षेआधी तोच कागद मुलांनाही द्यायचा. तपासताना एका मुलाचा पूर्ण पेपर न घेता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग सगळ्यांचा दुसरा. त्याने गुण बऱ्याच अंशी एका मापात येतात.

८. वागणूक, अक्षर आणि घरची भाषा गुणांपासून वेगळी ठेवा

वही उशिरा दिली, गणवेश नव्हता, वर्गात बोलतो, म्हणून विज्ञानाचे गुण कापले तर तो आकडा विज्ञानाबद्दल काहीच सांगत नाही. वागणुकीबद्दल पालकांशी बोलावं, प्रगतिपुस्तकात तिची वेगळी नोंद करावी.

आमच्या मुलांच्या घरी छत्तीसगढी बोलतात, शाळेत हिंदी, आणि काही शाळांत इंग्रजी. प्रकाशसंश्लेषणाची क्रिया बरोबर लिहून झाडाला 'रुख' म्हणणाऱ्या मुलाला विज्ञानात पूर्ण गुण मिळायला हवेत. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि चौबे कॉलनीत वाढलेल्या मराठी मुलांच्या हिंदीत मराठी डोकावते, तेव्हा आपल्याला ते सहज समजतं. तीच समज प्रत्येक मुलाला मिळावी. धानकापणीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलाला शून्य देऊन मोकळं होऊ नये. त्याला चाचणीची दुसरी तारीख द्यावी. शून्य म्हणजे काहीच येत नाही असा अर्थ होतो, आणि आपण तर अजून विचारलेलंही नसतं.

९. सीमारेषेवरचा पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या

सीबीएसईच्या आठ पायऱ्यांच्या श्रेणीत ९१ ते १०० ला ए-१ आणि ८१ ते ९० ला ए-२ असतं. ९० आणि ९१ मध्ये एका गुणाचं अंतर आहे, पण प्रगतिपुस्तकावर पायरी बदलते. उत्तीर्ण होण्याच्या ३३ गुणांवर तर मुलाचं वर्षच बदलतं. तपासणीत एकदोन गुणांचा फरक पडणारच, म्हणून सीमारेषेच्या एकदोन गुण अलीकडे राहिलेला प्रत्येक पेपर दुसऱ्या शिक्षकाने नाव न पाहता पुन्हा तपासावा. हा नियम सगळ्यांना लागू हवा. विनंती करायला येणाऱ्या पालकांच्या मुलांपुरता तो राहिला तर अन्याय वाढेल.

१०. गुणांसोबत पुढची पायरी लिहा

नियम बदलत राहतात. सीबीएसईने २००९ मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं आणि २०१७ मध्ये ते मागे घेतलं. शिक्षण हक्क कायद्यातली नापास न करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांच्या मर्जीवर आली. छत्तीसगढमध्ये २०२४-२५ पासून पाचवी-आठवीच्या केंद्रीकृत परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. प्रत्येक बदलाच्या वेळी शिक्षकांना नवे तक्ते भरायला शिकवलं जातं, आणि मुलाचा साधा प्रश्न तसाच राहतो: मी आता काय करू?

इस्रायलच्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये केलेल्या अभ्यासात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेली मुलं गुणांकडेच पाहत राहिली. म्हणून घटक चाचणीची वही परत देताना आधी शेरा द्यावा, मुलाला उत्तर सुधारू द्यावं आणि गुण नंतर सांगावेत. 'अजून मेहनत कर' हा शेरा कोणाच्याच उपयोगाचा नाही. 'एकक लिहिलं नाहीस, तिसऱ्या ओळीत वजाबाकी पुन्हा कर' हा शेरा मुलाच्या कामाला येतो.

११. निकालाचा दिवस हाही आपत्कालीन दिवस माना

सकाळचं आणि दुपारचं सत्र इथे एकत्र येतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या सुमारास काही मुलं घरात कोणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत, निघून जातात, आणि कधी त्याहून वाईट घडतं. आगीसाठी जशी योजना असते तशी या दिवसासाठीही असावी. कोणत्या मुलाची काळजी वाटते त्याची यादी वर्गशिक्षकांनी निकालाआधी करावी आणि ती स्वतःपाशीच ठेवावी. निकाल लागल्यावर त्या प्रत्येक घरी फोन जावा, आणि मुलाशी बोलणं झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नये. पुरवणी परीक्षा, पुनर्मूल्यांकन यांच्या तारखा सांगाव्यात, म्हणजे पुढे वाट आहे हे त्याला आकड्यांत दिसतं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक निकालाच्या सूचनेसोबतच फळ्यावर लिहावा. गुणानुक्रमाच्या याद्या फाटकावर लावू नयेत. पहिल्या मुलाचं कौतुक इतर मार्गांनीही होतं, आणि शेवटच्या मुलाला ती यादी रोज वाचावी लागते.

१२. प्रशिक्षण जूनमध्ये संपू देऊ नका

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला निदान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. ते तास एकदम उरकण्यापेक्षा महिन्याला थोडे घ्यावेत. जुलैत वीज आणि साप, ऑक्टोबरात उत्तरपत्रिकांचं एकत्र वाचन, मार्चमध्ये ऊन, एप्रिलमध्ये निकालाची तयारी. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कोणी तरी शाळाभर फिरवून वाटा, घंटा आणि सिलिंडर दाखवावा आणि गुणदानाचा कागद हातात द्यावा.

पालकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या पालकसभेत शाळेला दोन प्रश्न जरूर विचारा. प्राचार्य नसतील त्या दिवशी आग लागली तर निर्णय कोण घेईल? आणि माझ्या मुलाचा पेपर दुसऱ्या शिक्षकाने तपासला असता तर गुण तेच आले असते का? या प्रश्नांची लेखी उत्तरं ज्या शाळेकडे आहेत, तिथे मूल निश्चिंतपणे पाठवावं. जिथे नाहीत, तिथे शाळा व्यवस्थापन समितीत बसून ती तयार करून घ्यावीत. शिक्षकांच्या जोडीने पालकही बसले तर हे काम एका सत्रात उभं राहतं.